हुक म्हणजे काय? शाळेच्या परिपाठातून समजून घेऊया वेब सर्व्हरची मॉड्यूल्स



आमची शाळा हिंजवडीत आहे. वर्गाच्या एका खिडकीतून शिल्लक राहिलेलं शेत दिसतं, दुसऱ्या खिडकीतून काचेच्या इमारती. एमआयडीसीनं वसवलेलं हे राजीव गांधी इन्फोटेक पार्क. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस ही नावं आमच्या मुलांना बसथांब्यांच्या नावांसारखी पाठ आहेत. माझ्या वर्गात कोणाचे वडील त्या इमारतींत इंजिनिअर आहेत, कोणाचे गेटवर पहारेकरी, कोणाची आई तिथल्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तरीही आठवीतल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न सगळ्यांचाच होता : "मॅडम, हे लोक आत बसून नक्की काय बनवतात?"

मी म्हटलं, "पुष्कळदा ते काही नवीन उभारत नसतात. आधीच चालू असलेल्या मोठ्या यंत्रणेत, ती बंद न पाडता, थोडी भर घालत असतात."

"पण चालू गाडीत भर कशी घालायची?"

आजचा पाठ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यासाठी मी उदाहरण घेतलं अपाची या वेब सर्व्हरचं. शेवटी वर्गात घ्यायचा एक खेळ दिला आहे. त्याला संगणक लागत नाही.

१) वेब सर्व्हर म्हणजे काय?

आपण मोबाईलवर एखादं पान उघडतो, तेव्हा कुठल्यातरी दूरच्या संगणकाकडे एक विनंती जाते : "अमुक पान द्या." त्या संगणकावर एक प्रोग्रॅम सतत कान देऊन बसलेला असतो. तो विनंती वाचतो, योग्य ती फाईल शोधतो आणि परत पाठवतो. हा प्रोग्रॅम म्हणजे वेब सर्व्हर.

अपाची हा असाच एक सर्व्हर. त्याची सुरुवात १९९५ मधली. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅककूल यांनी लिहिलेला एक सर्व्हर तेव्हा लोकप्रिय होता. पण १९९४ च्या मध्यावर मॅककूल तिथून बाहेर पडले आणि काम थंडावलं. मग वापरणाऱ्यांनीच आपापल्या दुरुस्त्या एकत्र करायला सुरुवात केली. मूळ गटात आठ जण होते.

दुरुस्त्यांवर दुरुस्त्या चढत गेल्या की काय होतं, हे जुन्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून त्यांच्यातल्या रॉबर्ट थाऊ यांनी सर्व्हरची रचनाच नव्यानं केली. त्या रचनेचं टोपणनाव होतं शंभाला. तिच्यात मूळ गाभा लहान ठेवला आणि बाकीची कामं सुट्या सुट्या भागांकडे दिली. हे सुटे भाग म्हणजे मॉड्यूल्स. याच पायावर १ डिसेंबर १९९५ रोजी अपाची १.० बाहेर पडला. पुढे २००२ मध्ये अपाची २.० आला आणि ही मॉड्यूल्स गाभ्याला जोडायची पद्धत आणखी मोकळी झाली. तीच आज आपण बघणार आहोत. तिचं नाव हुक.

२) हुक म्हणजे खुंटी

हुक म्हटल्यावर वर्गात खसखस पिकली. हिंजवडीच्या मुलांना गळ म्हटलं की म्हातोबाच्या यात्रेतलं बगाडच आठवतं! मी म्हटलं, तो गळ बाजूला ठेवा, घरातली खुंटी आठवा.

घर बांधतानाच भिंतीत खुंट्या ठोकून ठेवल्या असतील, तर पुढे तिथं कोण काय अडकवेल याची गवंड्याला काळजी नसते. आज टोपी, उद्या दप्तर, परवा पाहुण्यांची पिशवी. भिंत फोडावी लागत नाही. वस्तू काढली तरी भिंत जशीच्या तशी.

सर्व्हरच्या गाभ्यात अशाच खुंट्या ठोकलेल्या असतात. "या क्षणी मी थांबेन आणि विचारीन, इथं कोणाला काही करायचं आहे का?" असे ठरलेले थांबे. मॉड्यूल लिहिणारा आपलं छोटं फंक्शन त्या थांब्यावर अडकवतो. त्याला हुक फंक्शन म्हणतात.

३) परिपाठाचं उदाहरण

शिक्षकांना हे एका मिनिटात कळेल. आपला रोजचा परिपाठ घ्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा. हा सांगाडा ठरलेला आहे. पण सुविचार कोण सांगणार, बोधकथा कोणती, हे सांगाड्यात लिहिलेलं नसतं. आज सातवी, उद्या आठवी. मुख्याध्यापक परिपाठाची रचना न बदलता रोज नवी मुलं पुढे आणतात.

परिपाठाचा सांगाडा म्हणजे गाभा. "आता सुविचार" ही हाक म्हणजे हुक. पुढे येणारा मुलगा म्हणजे हुक फंक्शन. आणि ज्या वर्गानं आज सुविचार, बातम्या आणि बोधकथा अशी तीन कामं उचलली, तो वर्ग म्हणजे मॉड्यूल. एक मॉड्यूल एकापेक्षा जास्त खुंट्यांवर लटकू शकतं, हे इथं आपोआप समजतं.

४) विनंतीचा प्रवास

अपाचीच्या दारात विनंती आली की ती या क्रमानं पुढे सरकते. सगळे थांबे देत नाही, महत्त्वाचे तेवढेच घेऊ.

• विनंती वाचून झाली : आल्या आल्या काही टिपून ठेवायचं असेल तर इथं.
• पत्त्याचा अर्थ लावणे : मागितलेला पत्ता म्हणजे डिस्कवरची नक्की कोणती फाईल? मॉड रीराइट हे प्रसिद्ध मॉड्यूल इथं काम करतं आणि जुना पत्ता नव्याकडे वळवतं.
• प्रवेश तपासणे : हा कुठून आला आहे? आत सोडायचं का?
• ओळख तपासणे : नाव आणि पासवर्ड बरोबर आहे का? मॉड ऑथ बेसिक इथं बसतं.
• परवानगी तपासणे : ओळख पटली, पण या खोलीत जायचा अधिकार आहे का?
• प्रकार ठरवणे : ही फाईल चित्र आहे, मजकूर आहे की आणखी काही? हे मॉड माइम बघतं.
• शेवटची जुळवाजुळव : उत्तर द्यायच्या आधीच्या किरकोळ दुरुस्त्या.
• उत्तर देणे : प्रत्यक्ष पान तयार करून पाठवणे. याला हँडलर म्हणतात.
• नोंद करणे : कोण आलं, काय मागितलं, काय मिळालं, हे वहीत लिहिणे.

ही यादी फळ्यावर लिहिली तेव्हा पहारेकऱ्याच्या मुलानं हात वर केला. "मॅडम, पप्पा असंच करतात. आधी गाडी कुठून आली बघतात, मग ओळखपत्र, मग कुठल्या इमारतीत जायचं ते विचारतात. आणि ज्याला परत पाठवलं त्याचं नावसुद्धा रजिस्टरात लिहितात."

मी त्या वाक्यासाठी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. अपाचीतही तसंच आहे. प्रवेशाच्या थांब्यावर विनंती नाकारली गेली, तर उत्तर देणारा हँडलर चालत नाही. पण नोंदीचा थांबा चुकत नाही. नाकारलेल्याचीही नोंद होते.

५) फक्त तीन प्रकारची उत्तरं

हुक फंक्शन आत काहीही करो, बाहेर येताना त्यानं गाभ्याला स्पष्ट उत्तर द्यावं लागतं. मुख्य उत्तरं तीन प्रकारची :

"झालं" : मी माझं काम केलं.
"माझं नाही" : हे माझ्याकडचं काम नाही, पुढच्याला विचारा.
चुकीचा क्रमांक : उदाहरणार्थ ४०३ म्हणजे मनाई, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे आमच्याकडेच बिघाड.

यातलं मधलं उत्तर मुलांना सुरुवातीला कमीपणाचं वाटतं. "माझं नाही" म्हणणं म्हणजे हार मानणं असं त्यांना वाटतं. खरं तर सगळी यंत्रणा त्याच उत्तरावर चालते. पुढे ते कळेलच.

६) सगळ्यांना विचारायचं, की पहिल्यावर थांबायचं?

एकाच खुंटीवर पाच मॉड्यूल्स लटकली असतील तर? इथं थांब्या-थांब्याचा नियम वेगळा आहे.

काही थांब्यांवर सगळ्यांना विचारतात. नोंदीचा थांबा असा आहे. एकानं नोंद केली म्हणून दुसऱ्याची थांबत नाही. परिपाठात बातम्या सांगायला तीन मुलं आली तर तिघांनाही बोलू देतो, तसंच. मात्र मध्येच कोणी चुकीचा क्रमांक दिला तर साखळी तिथंच तुटते. प्रवेशाच्या थांब्यावर हे फार उपयोगी पडतं. सगळ्या पहारेकऱ्यांनी हो म्हटलं तरच आत, एकानं जरी मनाई केली तरी बाहेर.

काही थांब्यांवर पहिला खरं उत्तर देणारा मिळाला की थांबतात. उत्तर देण्याचा थांबा असा आहे. प्रश्नमंजूषेत पहिलं उत्तर आलं की प्रश्न संपला. "माझं नाही" म्हणणारे मोजत नाहीत. त्यांना ओलांडून पुढे जातात. कोणीच पुढे आलं नाही तर? तर अगदी शेवटी गाभा स्वतः उभा राहतो आणि डिस्कवरची साधी फाईल देतो. फाईलच नसेल तर ४०४.

मग रांगेत पुढे कोण? मॉड्यूल नाव नोंदवतानाच आपली जागा सांगतं. अपाचीत पाच जागा ठरवल्या आहेत : अगदी आधी, आधी, मध्ये, नंतर, अगदी शेवटी. त्यांना आतून -१०, ०, १०, २० आणि ३० असे आकडे दिलेले आहेत. सहसा "मध्ये" सांगावं. "मला अमुक मॉड्यूलच्या आधी ठेवा" किंवा "तमुकच्या नंतर ठेवा" असंही सांगता येतं. पुढे घुसण्याचा हट्ट करायचं कारण राहत नाही.

७) मॉड्यूल प्रत्यक्ष कसं बनतं?

मॉड्यूल सी भाषेत लिहितात. लहान मॉड्यूल वीस-तीस ओळींत बसतं. त्यात तीन गोष्टी असतात :

पहिली, प्रत्यक्ष काम करणारं फंक्शन. ते आलेली विनंती हातात घेतं, आपली आहे का बघतं आणि उत्तर देतं.
दुसरी, नोंदणीचं फंक्शन. "माझं हे फंक्शन उत्तर देण्याच्या खुंटीवर, मधल्या जागी लावा" एवढंच ते सांगतं.
तिसरी, मॉड्यूलची ओळखपत्रिका. तिच्यात मॉड्यूलचं स्वतःचं कॉन्फिगरेशन कसं वाचायचं आणि नोंदणीचं फंक्शन कोणतं, हे लिहिलेलं असतं.

मग एपीएक्सएस नावाच्या साधनानं ते कंपाईल करायचं, सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये लोडमॉड्यूलची एक ओळ घालायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. झालं. अपाचीच्या मूळ कोडला हात लागला नाही आणि कोणाची परवानगी मागावी लागली नाही. हा कोड खुला आहे, कोणीही वाचू शकतो.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. मॉड्यूल सर्व्हरच्या पोटात चालतं, सर्व्हरच्याच अधिकारानं. ते कोसळलं तर ज्या प्रक्रियेत ते चालू होतं ती प्रक्रियाही कोसळते. अपाचीची मुख्य प्रक्रिया तिच्या जागी नवी उभी करते, पण त्या क्षणी आत असलेल्यांचं काम बुडतं. म्हणून अनोळखी मॉड्यूल घरात घेऊ नये, आणि आपलं मॉड्यूल आधी दुसऱ्या संगणकावर तपासून बघावं.

८) माझी स्वतःची फजिती

हे शेवटचं वाक्य मी अनुभवातून लिहिते आहे. आमच्या संगणक कक्षात एका जुन्या संगणकावर अपाची चालतो. त्यावर वेळापत्रक आणि सरावपत्रिका ठेवलेल्या असतात. मी उत्साहानं एक मॉड्यूल लिहिलं. काम एवढंच, की एका विशिष्ट पत्त्यावर "नमस्कार, हिंजवडी" असं दाखवायचं. रविवारी दुपारी बसवलं, तो पत्ता उघडून बघितला, नमस्कार आला. मी खूश होऊन घरी गेले.

सोमवारी पहिल्याच तासाला आठवीची चाचणी होती. मुलांनी सरावपत्रिका उघडली : "नमस्कार, हिंजवडी". वेळापत्रक उघडलं : "नमस्कार, हिंजवडी". चित्रांच्या जागीही तेच! वर्ग हसून हसून लोळायचा बाकी होता आणि मी घामाघूम.

चूक काय होती? माझ्या फंक्शननं सुरुवातीलाच "ही विनंती माझी आहे का?" हे तपासायला हवं होतं, आणि नसेल तर "माझं नाही" म्हणून बाजूला व्हायला हवं होतं. ती एक ओळ मी विसरले. माझं मॉड्यूल मधल्या जागी होतं, गाभ्याचा स्वतःचा हँडलर अगदी शेवटी. त्यामुळे प्रत्येक विनंती माझ्याकडे आधी यायची आणि मी प्रत्येकाला "झालं" म्हणायची. गाभ्याची पाळीच येईना.

वाईट म्हणजे कुठं बिघाड दिसत नव्हता. नोंदवही उघडली तर सगळीकडे २००, म्हणजे सगळं सुरळीत! सर्व्हरच्या दृष्टीनं प्रत्येकाला उत्तर मिळालं होतं.

पण याच फजितीतून हुकचा मोठा फायदा मुलांना दिसला. मी कॉन्फिगरेशनमधल्या लोडमॉड्यूलच्या त्या ओळीच्या सुरुवातीला एक चौकडीचं चिन्ह टाकलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि दोन मिनिटांत सगळं पूर्वीसारखं झालं. पिशवी खुंटीवरून काढली, भिंत शाबूत. मी मूळ कोडमध्येच खोडाखोड केली असती, तर त्या दिवशीची चाचणी गेलीच असती.

९) वर्डप्रेस वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

सी भाषा येत नसेल तरी हरकत नाही. पुष्कळ शिक्षक वर्डप्रेसवर लिहितात. तिथंही हुकच आहेत, पीएचपी भाषेत, दोन प्रकारचे. ॲक्शन म्हणजे "या क्षणी हे काम कर". फिल्टर म्हणजे "हा मजकूर घे, हवा तो बदल कर आणि परत दे". लेखाच्या फिल्टरमध्ये मजकूर परत द्यायला विसरलात तर लेखाच्या जागी कोरं पान दिसतं. माझ्या फजितीचंच हे धाकटं भावंड!

वर्डप्रेसच्या मूळ फायलींत बदल केला तर पुढचं अपडेट आलं की तो पुसला जातो. प्लगिनमधून हुकवर अडकवलेला बदल टिकतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बराच मनस्ताप वाचेल.

१०) वर्गात घ्यायचा खेळ

साहित्य : कागदाच्या चिठ्ठ्या आणि खडू. वेळ : एक तास.

जमिनीवर खडूनं सहा चौकोन काढा : पत्ता, प्रवेश, ओळख, प्रकार, उत्तर, नोंद. एक मुलगा गाभा. तो विनंतीची चिठ्ठी घेऊन चौकोनाचौकोनांतून चालतो आणि प्रत्येक ठिकाणी फक्त एकच वाक्य म्हणतो : "इथं कोणाला काही करायचं आहे का?" बाकीची मुलं चौकोनांजवळ एकेक कार्ड घेऊन उभी. कार्डावर त्यांचं काम लिहिलेलं. बोलायचं ते तीनच प्रकारांत : "झालं", "माझं नाही", किंवा चुकीचा क्रमांक.

पहिली फेरी साधी. "वेळापत्रक द्या", "शिक्षकांच्या कपाटातली प्रश्नपत्रिका द्या" अशा चिठ्ठ्या सोडा. दुसरी चिठ्ठी प्रवेशाच्या चौकोनातच ४०३ घेऊन परतते, पण नोंदवहीत जाते, हे मुलांनाच शोधू द्या.

दुसऱ्या फेरीत उत्तराच्या चौकोनातल्या एकाला गुपचूप सांगा, "काहीही आलं तरी झालं म्हण." कोणाला काय मिळेनासं होतं, ते पाहा. दोषी कोण, हे मुलांनी फक्त नोंदवही वाचून ओळखायचं. सगळीकडे "झालं" लिहिलेलं असल्यामुळे हे वाटतं तितकं सोपं जात नाही.

तिसऱ्या फेरीत खेळ चालू असतानाच एक नवं मूल आत घ्या. त्याला एक कार्ड द्या आणि चौकोन दाखवा. गाभ्याला मात्र काहीही सांगू नका.

आमच्याकडे तिसऱ्या फेरीसाठी योगायोगानं खरंच नवी मुलगी मिळाली. बांधकामावर आलेल्या कुटुंबातली, वर्षाच्या मध्येच दाखल झालेली. हिंजवडीच्या शाळांना हे नवीन नाही. तिला मराठी जेमतेम येत होतं आणि चार दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. तिला "प्रकार" च्या चौकोनातलं कार्ड दिलं : चित्र असेल तर "झालं", नाहीतर "माझं नाही". पहिली चिठ्ठी आली. तिनं वाचली, मान हलवली आणि म्हणाली, "माझं नाही." दुसरीलाही तेच. तिसऱ्या चिठ्ठीवर फुलाचं चित्र होतं. ती जोरात ओरडली, "झालं!"

गाभा झालेला मुलगा नेहमीसारखाच पुढे चालत राहिला. त्याचं वाक्य बदललं नव्हतं, चौकोन बदलले नव्हते. फक्त आता त्या चौकोनात एक जण जास्त होती.

पालकांसाठी दोन शब्द

"मुलाला कोडिंगच्या क्लासला घालू का?" असं पुष्कळ पालक विचारतात. घाला किंवा नका घालू, पण एक गोष्ट घरीही शिकवता येते. घरातल्या रोजच्या कामांचे थांबे मुलांना ओळखू द्या. दूध येतं, डबा भरतो, कचरा जातो. यातल्या कुठल्या थांब्यावर मी काही करू शकतो? केलं की "झालं" सांगायचं, आपलं नसेल तर "माझं नाही" म्हणून दुसऱ्याला वाट द्यायची, आणि बिघडलं तर लपवून न ठेवता लगेच सांगायचं. सी भाषा नंतर कधीही शिकता येईल.

त्या आठवीच्या मुलीला मी नंतर विचारलं, "मिळालं का उत्तर? त्या इमारतींत काय बनवतात?"

ती म्हणाली, "खुंट्या बघतात आणि त्यांना काहीतरी अडकवतात." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण मॅडम, खुंट्या आधी कोणीतरी ठोकाव्या लागतात ना?"

तो पुढच्या पाठाचा विषय. तोपर्यंत खेळ आपल्या वर्गात घेऊन बघा.